ट्रकच्या ॲक्सलसाठी गियर ऑइलच्या ग्रेडची निवड

ट्रकच्या मागच्या ॲक्सलमधील क्राउन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक) ज्या तेलात फिरतात, त्या तेलाची श्यानता म्हणजेच दाटपणा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०६ या मानकातील आकड्यांनी, म्हणजे ग्रेडने, दर्शवतात. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ९० ग्रेडच्या तेलाची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (श्यानतेचे एकक), तर १४० ग्रेडची २४ ते ३२.५ सेंटिस्टोक्स या मर्यादेत असावी लागते. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. त्यामुळे ९० चे गियर ऑइल प्रत्यक्षात ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते.

हायपॉइड रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असल्याने दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर घासतही जातात. खडी किंवा ऊस भरलेली गाडी कसारा घाट खालच्या गियरमध्ये चढते, तेव्हा दातांवरचा दाब वाढतो, वेग मंदावतो आणि तापलेल्या तेलाचा थर पातळ होत जातो. अशा अवजड, उष्ण प्रदेशातील कामासाठी ८५डब्ल्यू-१४० (थंडीत ८५डब्ल्यूची आणि गरम असताना १४० ची मर्यादा पाळणारे तेल) वापरण्याची पद्धत म्हणूनच रुजली.

तरीही दाट तेल म्हणजे अधिक सुरक्षित तेल, हा समज चुकीचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वाहतेपणा सांगतो: ८५डब्ल्यूची मर्यादा उणे १२ अंश, ८०डब्ल्यूची उणे २६ आणि ७५डब्ल्यूची उणे ४०. त्याखाली तेल इतके घट्ट होते की क्राउन त्यातून चर पाडत फिरतो, पण पिनियनच्या बेअरिंगपर्यंत तेल वेळेत पोहोचत नाही. हिवाळ्यात लडाखकडे जाणाऱ्या गाडीत ८५डब्ल्यू-१४० भरणे त्यामुळेच धोक्याचे ठरते. सपाट महामार्गावर गरजेपेक्षा दाट तेल घुसळण्यातच डिझेल वाया जाते. डिफरन्शियलचा (ॲक्सलमधील या गियरसंचाचा) घरघर आवाज दबावा म्हणून दाट तेल ओतणे तर सर्वांत वाईट, कारण बेअरिंगची झीज किंवा दात्यांमधील चुकलेला खेळ त्याने झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

ग्रेड आणि एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेची जीएल श्रेणी, म्हणजे तेल दात्यांना झिजेपासून किती संरक्षण देते याची पातळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायपॉइड ॲक्सलला सामान्यतः जीएल-५ लागते. तेच तेल पितळी सिंक्रोनायझर (गियर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्समध्ये निर्मात्याच्या शिफारशीशिवाय घालू नये. ॲक्सलचा ग्रेडही वाहनाच्या पुस्तिकेवरूनच ठरवावा. तेल बदलताना गाडी सपाट जागी उभी करून, बहुतेक ॲक्सलमध्ये, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल येऊ द्यावे. काढलेले तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून ब्रीदर (ॲक्सलमधील हवेचा दाब बाहेर सोडणारे छिद्र) आणि ऑइल सील तपासावेत.