पाचव्या घाताचं समीकरण: उकल नाही की सूत्र नाही?

"पाचव्या घाताचं समीकरण सुटत नाही, हे गणिती आबेलने सिद्ध केलं." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं, की अशा समीकरणाला उत्तरच नसतं असं वाटू लागतं. उत्तर असतं. नसतं ते सूत्र.

क्ष⁵ − क्ष − १ = ० घ्या. क्ष = १ ठेवला की डावी बाजू −१ येते, २ ठेवला की २९. मधे कुठेतरी ती शून्यातून जाणारच. १.१६ला ती किंचित ऋण आहे, १.१७ला किंचित धन. असंच चिमटीत धरत गेलं की १.१६७३ हाती लागतं. पुढचे दशांश हवे तेवढे काढा. शिवाय संमिश्र संख्या (ज्यांत ऋण संख्यांची वर्गमुळंही चालतात) धरल्या तर आणखी चार उकली आहेत, म्हणजे एकूण पाच. उकल असतेच, हा बीजगणिताचा मूलभूत सिद्धांत. गाउसने १७९९ साली प्रबंधात त्याची सिद्धता दिली. तिच्यात एक फट होती, पण निष्कर्ष पक्का होता.

सूत्राचं प्रकरण निराळं. वर्गसमीकरणाचं सूत्र आपण शाळेत घोकलेलं असतं: सहगुणक (क्षच्या घातांना गुणणाऱ्या संख्या) घाला, वर्गमूळ काढा, उत्तर तयार. तिसऱ्या आणि चौथ्या घातासाठीही तशी सूत्रं आहेत. कार्दानोने ती १५४५मध्ये छापली. (तिसऱ्याचं सूत्र दिसायला भयंकर आहे. क्ष³ = १५क्ष + ४ याचं साधं उत्तर ४, पण सूत्र −१२१चं वर्गमूळ काढायला लावतं!) पाचव्यासाठी मात्र अडीचशे वर्षं शोध चालला. १७९९मध्येच, गाउसच्याच वर्षी, रुफिनीने असं सूत्र शक्य नसल्याचं मांडलं. त्यातही उणीव होती. १८२४मध्ये आबेलने स्वखर्चाने छापलेल्या छोट्या पुस्तिकेत सिद्धता दिली.

त्याचं म्हणणं नेमकं असं: सहगुणकांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कुठल्याही घाताची मुळं काढणं, एवढीच हत्यारं वापरून पाचव्या घाताच्या सगळ्या समीकरणांना लागू पडेल असं सूत्र बनत नाही. 'सगळ्या' हा शब्द निसटला की पुन्हा गोंधळ. क्ष⁵ = २ हेही पाचव्याच घाताचं, पण २चं पाचवं मूळ काढलं की १.१४८७ समोर. क्ष⁵ − क्ष − १ मात्र या हत्यारांना दाद देत नाही. कोणतं समीकरण दाद देतं आणि कोणतं नाही, हे ओळखायची कसोटी गाल्वाने दिली. १८३२मध्ये विशीत तो गेला आणि त्याचं लेखन छापून यायला १८४६ उजाडलं.

१८५८मध्ये एर्मितने इलिप्टिक फंक्शन्स (मुळं काढण्यापलीकडची, निराळ्याच जातीची फलनं) वापरून पाचव्या घाताची उकल लिहून दाखवलीच. आबेलच्या सिद्धतेला त्याने धक्का लागत नाही, कारण ही हत्यारं तिच्या यादीत नव्हतीच.