कोच काढला म्हणून टीम जिंकली का?

अमेरिकेत 27 डिसेंबर 2024 रोजी सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाने माइक ब्राऊन यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलं, तेव्हा आमच्या मोर्शी तालुक्यात कपाशीची वेचणी चालू होती. सॅक्रामेंटोच्या घरच्या मैदानावरचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होतात. एसटीची वाट पाहणारी कॉलेजची पोरं एका मोबाइलभोवती गोळा होऊन ते पाहतात. संघ सलग पाच सामने हरला होता आणि "याले काढाच आता" असं या पोरांचंही मत झालं होतं. खरोखर काढल्यावर दुसरा प्रश्न आला, "कोन येईन रे आता याच्या जागी?"

जागा मिळाली सहायक प्रशिक्षक डग क्रिस्टी यांना. पहिला सामना संघ हरला, मग ओळीने सात जिंकला. निकाल लागला असं सगळ्यांनाच वाटलं: दोष कोचचा होता, तो गेला आणि टीम सुधारली.

हा निष्कर्ष इतका सरळ दिसतो की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण शंका घ्यायला हवी, कारण इथे संख्याशास्त्रातला एक फार जुना सापळा आहे.

एनबीए, म्हणजे ज्या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये हा संघ खेळतो, तिचा नियमित हंगाम 82 सामन्यांचा असतो. समजा, एखादा संघ अगदी मध्यम आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता निम्मी आहे. म्हणजे 82 वेळा नाणं उडवायचं, काटा पडला तर हार. गणित केलं तर असं निघतं की अशा चारपैकी सुमारे तीन हंगामांत कधी ना कधी सलग पाच किंवा त्याहून जास्त पराभव येतातच. कोच तोच, खेळाडू तेच, कोणाचं काही बिघडलेलं नाही, तरीही. ब्राऊन गेले तेव्हा संघाने 13 सामने जिंकले होते आणि 18 हरले होते. क्रिस्टींच्या हाताखाली तो 27 जिंकला, 24 हरला. हंगामाअखेर हिशेब झाला 40 विजय, 42 पराभव. संघ जवळजवळ नाण्यासारखाच होता! ते पाच पराभव आणि ते सात विजय, दोन्ही त्याच्या मूळ पातळीच्या खाली-वर झालेले हेलकावे असू शकतात.

नशिबाचा वाटा एवढा मोठा कसा, हे तीन गुणांच्या फेकींवरून कळतं. आजकाल एक संघ सामन्यात साधारण 37 वेळा लांबून बास्केट मारायला बघतो आणि त्यातल्या सुमारे 36 टक्के आत जातात. सरासरी 13 बास्केट. पण नेमबाजी तेवढीच चांगली असतानाही हा आकडा कधी 10 होतो, कधी 16, आणि त्यात नवल काही नाही. तीन बास्केट म्हणजे नऊ गुण. एनबीएतले कितीतरी सामने याहून कमी फरकाने सुटतात. चेंडू रिंगच्या कडेला लागून आत पडला की बाहेर, यावर कोणाची तरी नोकरी टिकते किंवा जाते.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईवडिलांची मुलंही उंच निघतात, पण सरासरीकडे थोडी सरकलेली. फार बुटक्यांचंही तसंच. ज्या मोजमापात नशिबाचा अंश आहे, त्यात टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुतेक वेळा सरासरीच्या जवळ येतो. कोचला काढतात कधी? संघ टोकाला गेल्यावर. म्हणजे ज्या क्षणानंतर सुधारणा आपोआप यायची शक्यता सर्वांत जास्त, नेमका तोच क्षण निवडून कोच बदलला जातो, आणि आपोआप आलेल्या सुधारणेचं श्रेय नव्या माणसाला मिळतं.

हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. पावसाने दगा दिला, एकरी कपास निम्म्यावर आली, म्हणून पुढच्या वर्षी वाण बदललं आणि पीक चांगलं आलं. वाणामुळे आलं की पावसामुळे? एकाच वावरात एकाच वर्षी जुनं आणि नवं वाण शेजारी-शेजारी लावल्याशिवाय ते कळत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी नव्या वाणाच्या चाचणीत तुलनेसाठी जुनं वाणही लावतात, ते याचसाठी.

खेळात असा तुलनेचा प्लॉट आणायचा कुठून? अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी तो शोधला. नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगमधले 1986 ते 2004 या काळातले हंगाम त्यांनी तपासले. एका बाजूला घसरण झाल्यावर प्रशिक्षक बदललेले संघ, दुसऱ्या बाजूला तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेले संघ. नवा माणूस आणलेले संघ सुधारले, हे खरं. पण ज्यांनी काहीच केलं नाही तेही तसेच सुधारले. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2016 मध्ये यान फान ऊर्स आणि मार्टिन फान टाउल यांनीही डच फुटबॉलवरच वेगळ्या पद्धतीने काम केलं आणि तेही याच ठिकाणी पोहोचले. मला या अभ्यासांचं मोल फार वाटतं, कारण "काढलं नसतं तर काय झालं असतं" या प्रश्नाला एरवी कोणी हात घालत नाही.

मग आपलं मन इतक्या खात्रीने का बोलतं? आणि कोच जाणार, कोच येणार या वावड्या इतक्या जोरात का उठतात? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी 1947 मध्ये अफवेचं एक सूत्र मांडलं: विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. दोन्हींपैकी एक शून्य झालं की अफवा मरते. एनबीएतल्याच न्यूयॉर्क निक्स संघाने 3 जून 2025 रोजी आपले कोच टॉम थिबोडो यांना काढलं तेव्हा दोन्ही आकडे शिगेला होते. संघ 25 वर्षांनी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी पूर्वेकडच्या गटाच्या) अंतिम फेरीत गेला होता, तरी कोचला नारळ मिळाला. पुढे कोण, हे व्यवस्थापन सांगेना. दुसऱ्या संघांत नोकरीला असलेल्या प्रशिक्षकांशी बोलण्याची परवानगी निक्सने मागितली, ती नाकारली गेली, आणि प्रत्येक नकारासोबत चाहत्यांच्या तर्कांना नवं खाद्य मिळालं. दहा जणांनी दहा नावं घेतली की एकाचं खरं ठरणारच. लक्षात तेवढाच राहतो.

अखेर जुलैमध्ये ती जागा मिळाली माइक ब्राऊन यांना. सॅक्रामेंटोने काढलेले तेच ब्राऊन, ज्यांना 2023 मध्ये एकमताने वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं होतं. दीड वर्षात एवढ्या अनुभवी माणसाचं ज्ञान आटलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

कोचमुळे काहीच फरक पडत नाही, असं यातून निघत नाही. कोणाला किती मिनिटं खेळवायचं, बचाव कसा लावायचा, तरुण खेळाडू कसा घडवायचा, हे त्याचंच काम आणि ते फार मोठं आहे. पण त्याचा परिणाम आठ-दहा सामन्यांत वेगळा काढता येत नाही. पुढच्या वेळी कोणाला काढलं, की एसटी स्टँडवरच्या पोरांनी त्याच हंगामात तेवढेच सामने ओळीने हरलेला, पण कोच न बदललेला दुसरा एक संघ शोधावा आणि दोघांचे पुढचे वीस सामने वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. एका जोडीवरून काही ठरणार नाही. पाच-सहा हंगामांत अशा बऱ्याच जोड्या जमतील, आणि मग बोलण्यासारखं काहीतरी हाती येईल.