अरब लोकांना काय वाटतं हे कळायचं कसं? रेडिओपासून ब्रेडपर्यंतची पार्श्वभूमी

गाझात काही झालं की बातम्यांत हमखास येतं, अरब जनतेत संताप आहे. बरं, पण ही अरब जनता म्हणजे कोण? अरब लीगमध्येच 22 देश आहेत, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी मतपेटीतून सरकार बदलत नाही, मग लोकांचं मत मोजणार कसं आणि ते बाहेर पडणार कुठून? गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास बघितला तर दोन विषयांवर ते उघड्यावर येताना दिसतं, ब्रेड आणि पॅलेस्टाइन. बाकीचं चार भिंतींच्या आत.

सुरुवात रेडिओपासून करायला लागेल. बीबीसीची अरबी सेवा 1938 ची, इटलीच्या प्रचाराला उत्तर म्हणून काढलेली. पण घराघरात, चहाच्या दुकानांत खऱ्या अर्थाने पोचलं ते कैरोचं 'सौत अल-अरब', म्हणजे अरबांचा आवाज, 1953 साली सुरू झालेलं. इजिप्तचा नेता नासेरची भाषणं, गायिका उम्म कुलसूमची गाणी, आणि अहमद सईद नावाचा निवेदक ज्याचा आवाज अख्ख्या अरब जगात ओळखीचा होता. आता गंमत अशी की हे सगळं एकाच बाजूने चालायचं, रेडिओ बोलणार आणि लोक ऐकणार, तरी तेव्हा लोकांना ते आपलंच मत वाटायचं. मग जून 1967 मध्ये इस्रायलशी युद्ध झालं. इस्रायलने पहिल्या काही तासांतच इजिप्तचं बहुतेक हवाईदल जमिनीवरच संपवलं होतं आणि इकडे सईदसाहेब रेडिओवर शत्रूची विमानं पाडल्याचे आकडे वाचत होते! खरं कळल्यावर जो विश्वास उडाला तो परत काही बसला नाही. खऱ्या बातमीसाठी परदेशी स्टेशन लावायचं ही सवय तेव्हा पक्की झाली असं माझं मत. तरी 9 जूनला नासेरने राजीनामा जाहीर केला तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले, जाऊ नका म्हणून. त्यातले किती मनापासून आणि किती आणलेले यावर अजून भांडणं होतात.

आता ब्रेड. इजिप्तमध्येच जानेवारी 1977 मध्ये, नासेरनंतर आलेल्या सदातच्या सरकारने जागतिक कर्ज देणाऱ्या संस्थांच्या दबावाखाली ब्रेड, तेल, साखर अशा गोष्टींवरची सबसिडी कापली आणि 18-19 जानेवारीला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत दंगली पेटल्या, लष्कर आणावं लागलं, सत्तरच्या वर माणसं मेली. सदात म्हणाला हा चोरांचा उठाव आहे. म्हणाला खरं, पण भाववाढ लगेच मागे घेतली. ट्युनिशियात 1983 च्या डिसेंबरच्या शेवटी तेच, ब्रेडचा भाव दुपटीच्या आसपास नेला, दक्षिणेतल्या वाळवंटाकडच्या गावांतून दंगल सुरू झाली ती राजधानीपर्यंत आली, आणि 6 जानेवारी 1984 ला राष्ट्राध्यक्ष बुर्गिबाने टीव्हीवर येऊन निर्णय रद्द केला. ही धास्ती किती खोल बसली बघा, इजिप्तमध्ये रेशनचा ब्रेड तीसेक वर्षं 5 पिआस्टरलाच (100 पिआस्टर म्हणजे एक इजिप्शियन पौंड) राहिला. 2020 मध्ये भावाला हात न लावता वजन 110 ग्रॅमवरून 90 वर आणलं, आपल्याकडे पाच रुपयांचा बिस्किटपुडा बारीक होत गेला तसंच. किंमत वाढली ती थेट जून 2024 मध्ये, 20 पिआस्टर. म्हणजे निवडणूक असो नसो, जनमताची भीती सरकारला होतीच.

घरातल्या चर्चांबद्दल बोलायचं तर कुवेतची दिवानिया, म्हणजे घरातली बैठकीची खोली, सगळ्यात भारी. कुवेतला नोकरी केलेल्या आपल्या कोकणातल्या लोकांना ती बाहेरून तरी माहीत असेल, संध्याकाळी पुरुषमंडळी जमतात, चहा-कॉफी, आणि धंद्यापासून राजकारणापर्यंत सगळं. 1986 मध्ये अमीरने संसद बरखास्त केली तर 1989 च्या शेवटी दर सोमवारी वेगवेगळ्या दिवानियांत सभा भरायला लागल्या, संसद परत द्या म्हणून. पोलिसांनी त्या मोडल्या, पण घरात बसलेल्या पाहुण्यांवर कारवाई करायला सरकारलाही अवघड जायचं. (बायकांना मताचा हक्क मिळायला मात्र 2005 उजाडलं, दिवानियातलं जनमत म्हणजे अर्धंच जनमत होतं.) सीरियात 2000 साली राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद वारला, मुलगा बशर आला, आणि दमास्कसमध्ये लोकांच्या दिवाणखान्यांत असेच चर्चामंच भरायला लागले. वर्षभरात बंद, बोलणारे तुरुंगात.

1996 मध्ये कतारची राजधानी दोह्यातून अल जझीरा हे टीव्ही चॅनेल आलं. त्याआधी सरकारी चॅनेलवर बातमी म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी कोणाचं विमानतळावर स्वागत केलं एवढंच. इथे दोन विरोधी माणसं समोरासमोर, आरडाओरडा, वर प्रेक्षकांचे लाइव्ह फोन. कित्येक सरकारांनी चिडून दोह्यातले राजदूत परत बोलावले. कतारबद्दल मात्र हे चॅनेल गप्पच, ते पण सांगायला हवं.

2011 चे अरब देशांतले उठाव सगळ्यांना माहीत आहेत, त्यात फार शिरत नाही. फक्त एवढंच की कैरोच्या तहरीर चौकातली घोषणा होती ब्रेड, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय, आणि पहिला शब्द ब्रेडच होता. शिवाय तिथे जमलेल्या कार्यकर्त्यांपैकी बरेच जण 2000 साली पॅलेस्टाइनच्या इंतिफादाला, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या उठावाला, पाठिंबा द्यायला पहिल्यांदा रस्त्यावर उतरले होते, कारण तेवढ्याच विषयावर मोर्चा थोडाफार चालवून घेतला जायचा. सरकारला हे नीट ठाऊक आहे. 20 ऑक्टोबर 2023 ला कैरोत गाझासाठी सरकारच्याच परवानगीने निदर्शनं होती, काही लोक तिथून तहरीर चौकात घुसले आणि तीच 2011 ची घोषणा द्यायला लागले. मग धरपकड.

पद्धतशीर सर्व्हे यायला लागले ते आत्ता आत्ता, अरब बॅरोमीटर 2006 पासून आणि दोह्याच्या संस्थेचा अरब ओपिनियन इंडेक्स 2011 पासून. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 मध्ये इंडेक्सवाल्यांनी 16 देशांत 8,000 लोकांना विचारलं, 92 टक्के म्हणाले पॅलेस्टाइनचा प्रश्न सगळ्या अरबांचा आहे, 89 टक्क्यांचा इस्रायलला मान्यता द्यायला विरोध. यात इजिप्त, जॉर्डन, मोरोक्कोसारखे देश पण होते, जिथल्या सरकारांनी मान्यता आधीच देऊन टाकली आहे. आता हे आकडे खरेच असतील, पण हा विषय बोलायला सगळ्यात सुरक्षित आहे हेही लक्षात ठेवा, स्वतःच्या राजाबद्दल विचारा आणि बघा किती जण तोंड उघडतात. काही देशांत तर ते प्रश्न विचारायलाच परवानगी नसते.

ट्युनिशियाचं अजून वेगळंच. 2011 नंतर खरी लोकशाही आलेला एकटा देश, पण नोकऱ्या काही आल्या नाहीत, महागाई तशीच, त्यामुळे 25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईदने संसद स्थगित केली तेव्हा त्या रात्री लोक रस्त्यावर येऊन नाचले. सप्टेंबर 2022 मध्ये त्याने खोट्या बातम्यांविरुद्ध अध्यादेश काढला, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि पत्रकार, वकील, साध्या पोस्ट टाकणारे लोक पण त्यात आत जायला लागले. त्याच डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली तर मतदान जेमतेम 11 टक्के. 2024 मध्ये सईद 90 टक्के मतांनी परत निवडून आला, पण मत द्यायला 29 टक्केसुद्धा लोक आले नव्हते.