एका निळ्या टोपीमागचा हिशेब

देवळाली कॅम्प आणि नाशिकरोड भागात फौजी घरांची कमी नाही. त्यांतलं कुणी ‘यूएन’ला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्या शांतिसेनेत, जाऊन आलं की गल्लीत एक समज पक्का होतो: गड्याने वर्षभर डॉलरमध्ये पगार उचलला. आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार काका काँगोत, गोमा शहराजवळ, वर्षभर राहून आलेत. हा विषय काढला की ते हसतात. “यूएनकडून हातात पडायचे ते दिवसाला १ डॉलर २८ सेंट. मोठी रक्कम सरकारच्या खात्यात.”

काकांचं म्हणणं बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही; ते सदस्य देशांकडून तुकड्या मागून घेतात. जुलै २०२२ पासून दर सैनिकामागे महिन्याला १,४४८ डॉलर हा भरपाईचा दर ठरला. तो सैनिकाला नाही, त्याच्या सरकारला मिळतो. सरकार आपल्या जवानाला आपल्या नियमांनी पगार आणि भत्ते देतं. भारत असो, नेपाळ असो की एखादा श्रीमंत युरोपीय देश, दर एकच. त्यामुळे ज्या देशात पगार कमी, त्याला हा दर परवडतो आणि ज्या देशात पगार जास्त, त्याला पदरमोड करावी लागते.

आता गुणाकार करू. ८५० जणांची बटालियन म्हणजे महिन्याला सुमारे १२ लाख ३० हजार डॉलर. २०२५ मध्ये दक्षिण सुदानच्या मोहिमेला १७,००० सैनिकांपर्यंत परवानगी होती. सगळेच्या सगळे हजर धरले (प्रत्यक्षात इतके कधीच नसतात), तर वर्षाची भरपाई होते साडेएकोणतीस कोटी डॉलर. या मोहिमेचं वार्षिक बजेट मात्र १२० कोटी डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे सैनिकांच्या नावावरची थेट रक्कम फार तर पाव हिस्सा. उरलेले पैसे जातात कुठे?

सिंहस्थाचा बंदोबस्त जवळून पाहिलेल्या नाशिककराला हे कोडं पडू नये. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस आले की त्यांचं जेवण, पाणी, राहण्याची जागा हे सगळं डोक्यागणिक वाढतं. पण नियंत्रण कक्ष, घाटांवरचे दिवे, रस्ते आणि पूल यांचा खर्च पोलीस पाच हजार आहेत की सहा हजार, हे विचारत नाही. शांतिसेनेचंही तसंच. शिधा, पाणी, दर वर्षी तुकडी बदलताना विमानाने नेणं-आणणं हा खर्च संख्येबरोबर चढतो-उतरतो. धावपट्टी, रेडिओ-उपग्रह संपर्क, मुख्यालय, मुलकी कर्मचारी यांचा खर्च जवळपास जागेवरच राहतो.

मधली एक जात आणखी आहे, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. हा खर्च जिन्यासारखा वाढतो. आहे त्या तळावर दहा सैनिक जास्त आले तर फारसं काही बिघडत नाही. पण दीडशेंची कंपनी नव्या ठिकाणी नेली की जनरेटर, पाणी शुद्ध करणारं यंत्र, कुंपण, दवाखाना आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा एकदमच लागते. म्हणून बजेट समजून घ्यायचं तर सैनिक किती याबरोबर ते किती ठिकाणी विखुरलेत, हेही विचारायला हवं.

दक्षिण लेबनॉन घ्या. तिथल्या शांतिसेनेचं कार्यक्षेत्र सुमारे १,०६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याचा साधारण पंधरावा भाग. बंदर जवळ, रस्ते डांबरी. तिथे कित्येक वर्षं दहा हजारांच्या आसपास सैनिक होते आणि वर्षाचा खर्च ५० ते ५५ कोटी डॉलर. दक्षिण सुदान महाराष्ट्राच्या दुप्पट, समुद्र नाही, पावसाळ्यात कच्चे रस्ते चिखलात जातात. पिठाच्या पोत्यापासून डिझेलपर्यंत बरंच काही आकाशातून न्यावं लागतं. साहजिकच दर सैनिकामागचा खर्च तिथे कितीतरी जास्त पडतो.

गाड्या आणि शस्त्रं तुकड्या आपापली नेतात, त्याचं भाडं यूएन त्या देशाला वेगळं देतं. काकांच्या तोंडी अजून तेच शब्द आहेत: वेट लीज आणि ड्राय लीज. गाडी देशाची आणि देखभालही देशाची, तर वेट. देखभाल यूएनकडे गेली तर ड्राय. तपासणीच्या दिवशी बंद पडलेली गाडी दाखवायची म्हणजे अख्ख्या युनिटची झोप उडायची, कारण तिचं भाडं कापलं जातं. २०१३ पासून तर महत्त्वाची यंत्रसामग्री गैरहजर किंवा नादुरुस्त असेल तर माणसांच्या भरपाईलाही कात्री लागू शकते.

संख्या ठरवतं कोण, हाही मजेशीर भाग आहे. सैनिकांची कमाल मर्यादा सुरक्षा परिषद ठरवते. पैशांची मंजुरी महासभेकडे, तिच्या पाचव्या, म्हणजे अर्थविषयक, समितीमार्फत. बजेटचं वर्ष १ जुलै ते ३० जून. मर्यादा ही केवळ कमाल असल्यामुळे बजेट आखणारे ‘इतके लोक उशिरा पोहोचतील’ असं गृहीत धरून आकडा आधीच खाली आणतात. अंदाज चुकला आणि तुकड्या वेळेवर पोहोचल्या, तर पंचाईत!

ऑक्टोबर २०२५ मध्ये उलटी पंचाईत झाली. देशांची वर्गणी कमी पडू लागली, मुख्यतः अमेरिकेची, म्हणून नऊ मोहिमांतले १३ ते १४ हजार सैनिक आणि पोलीस, म्हणजे साधारण चौथा हिस्सा, कमी करायचं ठरलं. पण चौथाई माणसं गेली म्हणून चौथाई खर्च गेला असं होत नाही. स्थिर खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर वाटला जातो, म्हणून माणशी आकडा फुगतो. शिवाय परत पाठवायला विमानं आणि जहाजं लागतातच.

याचं टोक पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात दिसलं. तिथल्या सरकारनेच नको म्हटल्यावर जून २०२३ मध्ये मोहीम संपवायचा निर्णय झाला आणि ३१ डिसेंबरपर्यंत माघार पूर्ण झाली. सैनिक गेले, पण १ जानेवारी २०२४ पासून गाशा गुंडाळायचा, म्हणजे सामान विकण्याचा, पाठवण्याचा आणि हिशेब मिटवण्याचा वेगळा टप्पा सुरू झाला. त्यालाही बजेट लागलं. उत्तरेकडच्या किदालमधून ताफे निघाले तेव्हा रस्त्यात सुरुंग फुटत होते. उड्डाणांना परवानगी मिळेना, म्हणून जे नेता आलं नाही ते नष्ट करावं लागलं. त्यात तुकड्यांनी आपल्या देशातून आणलेल्या गाड्या आणि जनरेटरही होते. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “वेट लीजवरच्या होत्या का?”