लघवीत जंतू सापडले, म्हणून लगेच अँटिबायोटिक?

स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेला, असलेल्या बाळाच्या पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने बंद होते. आईवडील नागपूरहून गावी परततात आणि मग लघवीचा प्रश्न सुरू होतो, तो जन्मभराचा. गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही, की मूत्राशयाला जाणाऱ्या नसाही अधू राहतात. मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, आतला दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते. मूत्रपिंड खराब होते ते असे, हळूहळू.

यावरचा उपाय 1972 साली अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडेस यांनी मांडला. दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. हात साबणाने धुतलेले आणि नळी स्वच्छ असली की घरीही जमते. ऑपरेशन थिएटरसारखे निर्जंतुक वातावरण लागत नाही. तुंबून ताणलेले मूत्राशय जंतूंना लवकर बळी पडते, म्हणून वेळेवर रिकामे करणे सर्वांत महत्त्वाचे, हे त्यांचे म्हणणे आजही टिकून आहे. या मुलांना लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी होण्याचा धोका बराच असतो, म्हणून नळी लॅटेक्सची नको.

रोज नळी घातली जाते तिथे जंतू वस्तीला येतातच. मूल हसत-खेळत असतानाही कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ‘ई. कोलाय’ किंवा ‘क्लेब्सिएला’ निघतात. त्रास काहीच नसेल, तर सहसा औषध द्यायचे नसते. पण रिपोर्टवर लाल अक्षरे दिसली की घर घाबरते, मेडिकलमधून गोळ्या येतात, दोन दिवसांनी त्या अर्धवट सुटतात. हे मला फार खटकते, कारण याची किंमत ते मूलच पुढे मोजते.

गोळी फक्त मूत्राशयात काम करत नाही, ती आतड्यातही पोचते. लघवीतले बहुतेक जंतू मुळात तिथलेच. औषधाला दबणारे मरतात, न दबणारे उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिकाराची जनुके एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. काही जंतू असे विकर (एन्झाइम) तयार करतात, की सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायाक्सोनसारखी नेहमीची अँटिबायोटिक औषधे तुटून निकामी होतात. मग खरा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला, की अनेकदा मेरोपेनेमसारखी इंजेक्शने उरतात. त्यासाठी भरती व्हावे लागते. एटापल्लीच्या किंवा धारणीच्या मजुराची तितक्या दिवसांची मजुरी बुडते.

खरा संसर्ग ओळखायचा कसा? ताप, थंडी, उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणे, मूल मलूल पडणे, दोनदा नळी घालण्याच्या मधल्या वेळात नव्याने लघवी गळू लागणे. संवेदना नसल्याने अनेक मुलांना जळजळ कळतच नाही, ती ‘उन्हाळी लागली’ असे सांगणार नाहीत. नुसता वास किंवा गडद रंग पुरेसा पुरावा नव्हे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडले तरी लघवी तशीच होते. त्यात कपडे ओले होतील या भीतीने कित्येक मुले शाळेत पाणीच पीत नाहीत. शाळेत दार लागणारी, पाणी असलेली एक खोली मिळाली, तरी या मुलांचे बरेच आजारपण टळेल. बद्धकोष्ठतेनेही संसर्ग वाढतो, तिकडे दुर्लक्ष नको.

ताप असेल तर उपचार थांबवायचे नाहीत, फक्त पहिल्या डोसआधी नमुना घ्यायचा. तो नव्या, निर्जंतुक नळीतून. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसेल, तर बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवावा. एसटीत उन्हाने तापलेल्या बाटलीत जंतू भराभर वाढतात आणि रिपोर्ट फसवतो.

जुने सगळे कल्चर रिपोर्ट एका फाईलमध्ये जपून ठेवा. रात्री ताप घेऊन तालुक्याला पोचलात, तर आधी ती फाईल डॉक्टरांच्या हातात द्या. मागच्या वेळी कोणते औषध चालले नाही हे त्यांना कळले, तर पहिले इंजेक्शन अंदाजाने निवडावे लागत नाही.