आवाज आधी, ओठ नंतर

‘हिरोनं पडद्याकडं बघून डायलॉग म्हटले की झालं कार्टून!’ सोलापुरात सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यावर हे ज्ञान मी शाळेपासून ऐकतोय. हॉलिवूडपुरतं तरी ते उलटं आहे. तिथं रेखाटनांवर पात्राचं रूप ठरत असतं, पण संवाद आधी रेकॉर्ड होतात. मग अॅनिमेटर सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबानं ओठ, भुवया, खांदे त्या आवाजावर बसवतो. पुष्कळदा नटाचं बोलतानाचं चित्रीकरणही समोर असतं. नटाची लकब पात्रात उतरते ती अशी.

1992च्या ‘अलादीन’चंच घ्या. अॅनिमेटर एरिक गोल्डबर्गनं नट रॉबिन विल्यम्सच्या विनोदी कार्यक्रमाच्या ध्वनिफितीवर दिव्यातला जिनी नाचवून दाखवला आणि विल्यम्स भूमिकेला राजी झाला.

मग गैरसमज आला कुठून? आपण बघतो ते डबिंग. 2019च्या हिंदी ‘द लायन किंग’मध्ये शाहरुख मुफासा आणि आर्यन सिम्बा झाला, तेव्हा सिंह केव्हाच तयार होते, बापलेकांनी फक्त तोंडाशी शब्द जुळवले. घरात तेलुगू, बाहेर मराठी बोलणाऱ्या आमच्या पूर्व भागातल्या पोरांना ही कसरत लगेच कळते.