वेटसूट राहू द्या, आधी हेल्मेट बघा

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं ओळीने असलेली शर्यत, करायची तर वेटसूट हवाच, हा समज आमच्या वडोदऱ्यात काही केल्या जात नाही. परवा दांडिया बाजारातला भाचा विचारायला आला, "मामा, वेटसूटसाठी पैसे साठवू का?" अजिबात नको.

वेटसूट हा थंड पाण्यात पोहण्यासाठीचा घट्ट पोशाख असतो. त्यातलं निओप्रीन नावाचं रबर अंगाची ऊब धरून ठेवतं आणि तरंगायलाही मदत करतं. पाणी कोमट असेल तर तीच ऊब जिवावर बेतू शकते. म्हणून वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत हौशी स्पर्धकांना १,५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात, पाणी २२ अंशांच्या वर असेल तर वेटसूटला बंदीच आहे. गुजरातच्या उन्हाळ्यात तो कपाटातच राहणार.

स्प्रिंट या छोट्या प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. त्याला नीट बसणारा गॉगल, तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा, पटकन सुकणारा ट्रायसूट, सवयीचे बूट आणि ब्रेक चांगले असलेली कुठलीही सायकल पुरते. हेल्मेट मात्र सक्तीचं! सायकल स्टँडवरून काढण्याआधीच त्याचा पट्टा लावायचा असतो.

खरी काळजी घ्यायची ती घामावाटे जाणाऱ्या अंगातल्या पाण्याची. भाच्याला म्हटलं, कमाटीबागेत तासभर पळ, आधी आणि नंतर वजन कर. मध्ये काही प्यायला नाहीस आणि एक किलो घटलं, तर साधारण लिटरभर घाम गेला. हेल्मेटच्या काळ्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ उमटत असेल तर नुसतं पाणी पुरणार नाही, बाटलीत मीठही हवं. सायकलला दोन बाटल्यांची सोय आधी करून घे, असं मी त्याला बजावलंय.